मे महिन्याचं ऊन, पाणवठा आणि मचाणावरची रात्र

अकोल्यात मे महिन्यात बाहेरची कामं सकाळी आठच्या आत उरकायची आणि पुन्हा बाहेर पडायचं ते उन्हं कलल्यावर, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. जंगलातली जनावरंही उन्हाळ्यात याच वेळा पाळतात. दिवसा सावली धरून पडून राहतात, दिवस मावळताना उठतात आणि पाण्याकडे निघतात. त्यामुळे उन्हाळ्यात जंगल बघायचं असेल, तर जनावराच्या मागे न फिरता पाण्याशेजारी गप्प बसावं, हे माझं कैक वर्षांपासूनचं मत. 2024 च्या बुद्धपौर्णिमेला ते मला पुरतं अनुभवता आलं.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री आपला वनविभाग ‘निसर्गानुभव’ या उपक्रमात लोकांना पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर बसू देतो. पूर्वी हीच रात्र प्राणीगणनेची असायची. पण एकच सांबर संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर दिसलं की दोनदा मोजलं जायचं, आणि त्या रात्री पाण्यावर न आलेलं जनावर मोजणीतून निसटायचं. 2006 पासून देशभर दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तिच्यात कॅमेरा ट्रॅपने टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. त्यामुळे मचाणावरच्या नोंदी आता अधिकृत आकडा ठरत नाहीत. मला यात काही कमी वाटत नाही. आकड्याचं ओझं नसलं की माणूस मोकळेपणाने बघतो.

नोंदणी ऑनलाइन करायची होती. जागा थोड्या आणि इच्छुक भरपूर, म्हणून ओळखपत्रं आणि माहिती आधीच काढून ठेवली होती. माझ्यासोबत भाचा होता. आम्हाला मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला नरनाळा-शहानूरचा भाग मिळाला. मेळघाट हा 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अकोल्याहून अकोट, मग पोपटखेड आणि तिथून पुढे नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी शहानूर, असा आमचा रस्ता.

बुद्धपौर्णिमेची तारीख दरवर्षी सरकते, आणि या अनुभवात तिला फार महत्त्व आहे. 2023 मध्ये पौर्णिमा 5 मे रोजी होती, 2024 मध्ये 23 मे रोजी, 2025 मध्ये 12 मे रोजी. पौर्णिमा लवकर आली तर नाल्यांच्या डोहांतून अजून पाणी असतं, जनावरं विखुरलेली राहतात आणि एखाद्या पाणवठ्यावर रात्रभर शुकशुकाट राहू शकतो. उशिरा आली तर डोह आटलेले असतात आणि जो काही ओलावा उरला आहे तिथे सगळ्यांना यावंच लागतं, पण मग ऊन टोकाला गेलेलं असतं आणि वळवाच्या ढगांचं काही सांगता येत नाही. एक चांगला वळीव झाला की खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचतं. आमची पौर्णिमा नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर आली. त्याच आठवड्यात अकोल्यात उष्णतेमुळे 31 मेपर्यंत 144 कलम लावलं गेलं, यावरून काय ऊन होतं ते लक्षात यावं.

अशा उन्हात बसायचं तर शरीर आधी तयार करावं लागतं. आधीच्या दिवसांत दुपारी कूलरसमोरचं बसणं मी कमी केलं, सकाळ-संध्याकाळ अंगणात वावरले. आदल्या दिवसापासून ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवलं. बीपीचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र मीठ-पाण्याचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाण्याचं गणित बायकांनी जास्त विचारपूर्वक करावं, म्हणून स्पष्टच लिहिते. एकदा मचाणावर चढलं की सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही, नियमच आहे आणि तो योग्य आहे. लघवीच्या भीतीने दुपारपासून पाणी तोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मेच्या उन्हात हे धोक्याचं आहे. मी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत भरपूर पाणी प्यायले, चढण्याआधी शेवटचं जाऊन आले, दिवस मावळेपर्यंत दर थोड्या वेळाने दोन-दोन घोट घेतले आणि अंधार पडल्यावर फक्त घसा ओला ठेवला. हवा उतरली की तहान आपोआप कमी होते. अडचण झाली नाही. तरी झाकणाचा डबा, जुनी चादर आणि कागदी रुमाल सोबत होते, आणि ते असल्यामुळेच मी निवांत बसू शकले.

पाणी छागलीत भरून नेलं. जाड कापडाची ही पिशवी बाहेरून पाझरत राहते आणि आतलं पाणी गार ठेवते. ती मचाणाच्या सावलीकडच्या बाजूला टांगली. खायला दशम्या, गूळ, खारीक. पाकिटातलं काहीही घेतलं नाही, कारण रात्री त्या प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज पार नाल्यापलीकडे जातो. अत्तर, वासाचं तेल, डास पळवणारं मलम, सगळं घरी ठेवलं. कपडे सुती, मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. आणि दोन दुपट्टे, एक डोक्याला आणि एक भिजवून मानेवर.

साडेतीनच्या सुमारास गाडीने आम्हाला पाणवठ्यापाशी सोडलं. सोबत वनविभागाचे एक वनमजूर दादा होते. मचाण लोखंडी होतं. कठड्याला हात लावला तर चटका बसला. दादांनी वर चढताच गोधडी अंथरली, कठड्यावर ओलं गोणपाट टाकलं, मग आम्हाला वर घेतलं. मेळघाटातला साग या दिवसांत निष्पर्ण असतो, त्यामुळे ऊन थेट अंगावर येतं. पहिले दोन-अडीच तास हेच खरे कसोटीचे. चिलटं डोळ्यांत शिरतात, मधमाश्या ओल्या दुपट्ट्यावर येऊन बसतात. त्यांना हाताने झटकायचं नाही, बसू द्यायचं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा घाम यायचा थांबला, तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा लगेच दादांना सांगायचं, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं.

पण या तासांत बघायलाही खूप असतं. पाण्यावर आधी पाखरं आली. बुलबुल, मैना, मग स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर, लांब शेपूट सावरत पाण्यावर झेपावायचा आणि परत फांदीवर. लांडोरी आल्या. वानरांचा कळप आला तेव्हा एक मोठा नर झाडावरच पहाऱ्याला थांबला आणि सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत खाली उतरला नाही. दादांनी दिलेल्या तक्त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू असं भरायचं होतं. ते भरताना आपण किती वरवर बघतो ते कळतं. सांबराच्या मादीमागे पिल्लू आहे की वर्षाचं वासरू, हे ठरवायला नीट बघावंच लागतं.

सातच्या आसपास सूर्य गेला आणि समोरून चंद्र वर आला. सागाच्या वाळक्या पानांचा गालिचा पसरलेला असल्यामुळे इथे डोळ्यांआधी कानांना कळतं. सांबर येताना दोन पावलं टाकून थांबतं, ऐकतं, परत दोन पावलं. रानडुकरं आली की सगळीकडून खसबस एकदम. गवे आले ते मात्र जड, सावकाश आणि कुणाची भीती नसल्यासारखे.

रात्री उशिरा दादांनी माझ्या बाहीला हळूच हात लावला. “ताई, हालू नका. अस्वल येऊन राह्यलं.” मला काहीच दिसत नव्हतं. आधी ऐकू आला तो फुसफुस श्वास, नाकातून हवा सोडत जमीन हुंगत यावी तसा. मग नाल्याच्या काठावरून काळं काहीतरी घरंगळत खाली आलं आणि त्याचं अस्वल झालं. चांदण्यात छातीवरची पांढरट खूण क्षणभर दिसली. ते पाण्यात पुढचे पाय टाकून बसलं आणि इतक्या मोठ्याने चुळचुळ करत पाणी प्यायलं की भाच्याने माझा हात घट्ट धरला. मागे वळताना त्याने एक दगड उलथला, खाली हुंगलं, काही मिळालं नसावं, आणि चढ चढून गेलं. पानांचा आवाज विरेपर्यंत आम्ही तिघांनी हालचाल केली नाही. तक्त्यात मी लिहिलं : अस्वल, 1, नर-मादी ओळखता आलं नाही.

वाघ दिसला नाही. मध्यरात्रीनंतर लांब कुठेतरी सांबर ओरडलं, परत परत, आणि दादा बराच वेळ त्या दिशेने कान लावून होते. शेजारच्या एका मचाणावरून मात्र मोबाइलचा प्रकाश आणि कुजबूज येत राहिली. वाघच हवा म्हणून आलेल्या माणसांना ही रात्र फार लांब वाटते, आणि त्यांची चुळबुळ बाकी सगळ्यांना आणि जनावरांनाही भोगावी लागते. नोंदणीच्या वेळीच हे निक्षून सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. चार महिने तापलेल्या जंगलात त्या जनावराकडे पाणी प्यायची ही एवढीच वेळ असते.

पहाटे हवा चांगली गार झाली. एक पातळ चादर लागतेच. उजाडल्यावर गाडीने परत निघालो तेव्हा सागाच्या उघड्या फांदीवर भाच्याला रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, दिसला. 1884 नंतर तो कुणाला सापडला नव्हता. नामशेष झाला असं मानलं जात असताना 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे. हा दिवसा वावरणारा पिंगळा. ऊन चढायच्या आत शिकार उरकून घेत होता. गाडी थांबवून आम्ही तो पोटभर पाहिला.

तक्ता जमा केला, पण लगेच अकोल्याकडे निघालो नाही. रात्रभर जागलेल्या माणसाने मेच्या उन्हात गाडी चालवणं मला जंगलातल्या कुठल्याही जनावरापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. शहानूरलाच अंघोळ केली, पिठलं-भाकरी खाल्ली, दुपारभर झोपलो आणि पाचनंतर गाडी काढली. जाणाऱ्यांनी ही दुपारची झोप आधीच बेतात धरावी, राहायची सोय नोंदणीबरोबरच बघून ठेवावी. ऐनवेळी पौर्णिमेच्या गर्दीत जागा मिळत नाही.