आबांवरचं सातवं प्रकरण

पुस्तकांचं संपादन करताना वडिलांवरची हस्तलिखितं सतत हाताखालून जातात. बहुतेकांत बाप एकाच साच्याचा: कष्टाळू, तापट, आतून मायाळू. एका निवृत्त शिक्षिकेनं पाठवलेलं हस्तलिखितही तसंच वाटलं, सातवं प्रकरण येईपर्यंत. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात सवर्णांनी दलित वस्त्यांवर हल्ले केले, घरं जाळली, माणसं मारली. त्या दिवसांत आबा ओसरीवर बसून काय काय बोलले, ते बाईंनी काही न लपवता लिहिलं होतं. आठव्या प्रकरणात आबा पुन्हा प्रेमळ.

मला तेच खटकलं. द्वेष असा एका प्रकरणात कोंडला, की वाचक तो चार दिवसांचा ताप समजून पुढे जातो. आबा ठरावाआधीही तसेच होते आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला तेव्हाही तसेच. म्हणून मी म्हटलं, हे प्रकरण फोडा. आबा जिथं लाड करतात तिथंच ही वाक्यं नेऊन ठेवा. निक्लास फ्रँक या जर्मन पत्रकाराचं उदाहरण दिलं. वडील हान्स फ्रँक नाझींनी व्यापलेल्या पोलंडचे गव्हर्नर-जनरल, १९४६मध्ये न्यूरेंबर्गला फाशी गेलेले. मुलानं १९८७मध्ये त्यांच्यावर लिहिताना दयामाया ठेवली नाही.

"बाप फाशी गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता हो सर," बाई म्हणाल्या. "माझ्या दोन्ही बाळंतपणांत आबा दवाखान्याच्या पायरीवर झोपलेत."

यावर मी काय बोलणार? "आबांनीच पेटवलं असणार" ही ओळ मी खोडली, कारण ती ऐकीव होती. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवलं नाही, तर असं पुस्तक पहिल्याच आक्षेपाला कोसळतं. मग विचारलं, तुमच्या गड्याचं नाव कुठंच का नाही?

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. त्यानं ती स्वतः विसळून समोर धरायची आणि कपाला पातेलं लागू न देता वरून चहा ओतायचा. ते काम माझं. थेंब सांडला नाही की आबा पाठीवर हात फिरवायचे.

हे हस्तलिखितात नव्हतं! आणि पुस्तकाचा कणा तर हाच. ज्यांच्या कपात असा वरून चहा पडला, त्यांनी आपल्या आत्मकथनांतून ते कधीचंच सांगितलंय. ओतणाऱ्या घरांतून लिहिणारे मोजकेच.

बाईंनी ते पान लिहून दिलं. प्रकाशकाला ते नको आहे; घरगुती वाचक बिचकेल म्हणे. वाचकाला इतकं दुबळं समजण्याचा मला संताप येतो.

बाईंशी माझा वाद मात्र वेगळा आहे. गडी आता नाही. छापण्याआधी ते पान त्याच्या मुलाला दाखवावं, नाव द्यायचं की नाही ते त्यालाच विचारावं, असं मी म्हणतो. बाई म्हणतात, तो 'चालेल'च म्हणणार. आमच्या घराला नाही म्हणायची सोय आम्ही त्यांना कधी ठेवलीच नाही.

त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. तरीही न विचारता छापायला माझी तयारी नाही, असं मी त्यांना कळवलं आहे.