तिसरा तुकडा ढोल पथकात

अनंत चतुर्दशीच्या दुपारी होस्टिंगवाल्यांनी मेंटेनन्स काढलं आणि आमचा एक सर्व्हर रीबूट झाला. सर्व्हर लगेच उठला, पण त्यावरचं व्हॉल्ट सील्ड, म्हणजे कुलूपबंद. हॅशिकॉर्पच्या या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या टीमचे सगळे पासवर्ड आणि एपीआय की (प्रोग्रामांनी एकमेकांना ओळख पटवायच्या किल्ल्या) असतात, आणि रीबूटनंतर ते आपणहून उघडत नाही. उघडायची किल्ली पाच जणांत तुकडे करून वाटलेली. त्यातले कुठलेही तीन हवेत.

डेटाबेसचे पासवर्ड व्हॉल्टच तासाभराच्या मुदतीने तयार करून द्यायचं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस ही मुदत फक्त लॉगिनच्या वेळी बघतं, त्यामुळे आधी जोडलेली कनेक्शन्स चालू होती. नवं जोडायला गेलं की नकार. पेमेंटची सर्व्हिस अशी हळूहळू पांगळी होत चाललेली.

माझा तुकडा मी टाकला. नाशिकला माहेरी गेलेल्या सहकारीणीने व्हीपीएनवरून तिचा टाकला. स्क्रीनवर २/३. उरलेल्यांपैकी एक जण विमानात, एक फोन उचलेना, आणि आमचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, लक्ष्मी रोडवर ढोल वाजवत होता! बऱ्याच वेळाने त्याचा फोन लागला. "तुकड्याचं पाकीट घरी कपाटात आहे. आईला फोटो काढून तुला व्हॉट्सॲप करायला सांगतो," तो ओरडून म्हणाला.

मी नाही म्हटलं. मॅनेजर कॉलवरच होते. "एका तुकड्याने काय होतंय? तूच तर सांगतोस, दोन असले तरी काही कळत नाही म्हणून!"

गणित त्यांचं बरोबर होतं. अदी शमीर यांची ही १९७९ची युक्ती शाळेतल्या आलेखावर समजते: दोन बिंदूंतून हवे तितके पॅराबोला काढता येतात, तिसरा मिळाला की एकच उरतो, आणि किल्ली त्यातच दडलेली असते. पण तो फोटो आईंच्या गॅलरीत, माझ्या गॅलरीत आणि दोघांच्या बॅकअपमध्ये जाऊन बसला असता. शिवाय माझ्या एकट्याकडे दोन तुकडे झाले असते. पुढच्या सणाला आणखी कुणी असाच पाठवला की मी एकटा व्हॉल्ट उघडायला मोकळा. मग पाच जणांत वाटलं कशाला? मॅनेजर चिडले, ते साहजिकच होतं. क्लायंटचे फोन त्यांना येत होते.

डीबीएचं घर सदाशिव पेठेत, हे नशीब. गर्दीतून वाट काढत, कुर्ता-फेट्यासकट तो लॅपटॉपसमोर बसला आणि तुकडा स्वतः टाइप केला. स्क्रीनवर आलं, सील्ड: फॉल्स. कुलूप उघडलं. ॲप्सना नवे पासवर्ड मिळू लागले आणि तो परत मिरवणुकीत पळाला.

नंतरच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांनी तिनाऐवजी दोन तुकडे पुरे करा म्हटलं. मी सुचवलं, तीनच ठेवू, पण वाटेकरी सात करू आणि त्यातले दोघे पुण्याबाहेरचे घेऊ. हे मान्य झालं. नवे तुकडे प्रत्येकाच्या पीजीपी कीने (फक्त त्यालाच उघडता येईल अशा कुलपाने) एन्क्रिप्ट करूनच निघाले, म्हणजे बनवणाऱ्यालाही दुसऱ्याचा वाचता येत नाही. मात्र नव्याने वाटणी करायलाही जुन्यातले तिघे लागतात. या वेळी आम्ही आधी सुट्ट्यांची यादी पाहिली.