चार लाख आणि सुप्याचं गवत

भोसरीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. डिसेंबरात साहेबांनी बोलावलं. "सीएसआरचे चार लाख उरलेत. यंदा निसर्गाला देऊ. लावा कुठेतरी झाडं." सीएसआर म्हणजे कंपनीने कायद्याने समाजाच्या कामाला लावायचे पैसे. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, हा हिशेब मला झोपेतही येतो. निसर्गाचा मात्र ओ की ठो कळत नव्हता.

अभयारण्यांना पैशाची काय कमी, तिकिटं असतात की, असं मला वाटायचं. पण तसं आहे ते व्याघ्र प्रकल्पांत. वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यांना स्वतःचं प्रतिष्ठान काढायची सोय मिळाली. ताडोब्याला सफारीसाठी भरलेले पैसे त्या प्रतिष्ठानात जातात आणि तिथल्याच कामाला लागतात. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात वाघ नाही, म्हणून ती सोयही नाही. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर गवत आणि त्यात चिंकारा हे छोटं हरीण.

साहेबांच्या मुलाला डायव्हिंगचं वेड. तो म्हणाला, "बोनेअरसारखं करा ना, येणाऱ्याकडूनच घ्या." म्हणून तेही वाचलं. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटाभोवतीचं सागरी उद्यान १९७९ चं. सुरुवातीची देणगी संपली आणि काही वर्षं ते नुसतं कागदावर उरलं. १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून दहा डॉलर घ्यायला लागले, तेव्हा कुठे त्यात जीव आला. पण तिथे मासे बघायला जग लोटतं. मेच्या उन्हात सुप्याच्या माळावर कोण येणार?

सुप्याच्या बाजूला लांडगे आणि माळरानावर काम करणारी एक छोटी संस्था ओळखीतून सापडली. काम चोख, कागद अर्धे. देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी होतं, पण सीएसआर-१ चा, म्हणजे सीएसआरचे पैसे घ्यायला सरकारकडे भरायच्या फॉर्मचा, नोंदणी क्रमांक नव्हता. २०२१ पासून त्याशिवाय कंपनीला संस्थेमार्फत पैसे खर्च करताच येत नाहीत. मग त्यांचा फॉर्म भरायला मीच बसले. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा, पॅन, डिजिटल सही आणि वर सीएची सही. आमच्या सीएंनी ती फुकट केली, हे मुद्दाम सांगते, कारण ते कधीच काही फुकट करत नाहीत.

जानेवारीत एका रविवारी चौफुल्यावरून सुप्याला गेले. झाडांचा विषय काढताच संस्थेतला मुलगा हसला. "मॅडम, इथे झाडं लावणं म्हणजे चिंकाऱ्याच्या ताटात माती कालवणं. त्याला उघडा माळच लागतो." मग पाहिजे काय? जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, आखायला माणसं, वणव्याच्या दिवसांत राखणीला तीन गडी, एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यात टँकर. सगळा खर्च महिन्याच्या महिन्याला. कोनशिला बसवण्यासारखं एकही काम नाही.

खरी अडचण तिथेच होती. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "मजुरी? म्हणजे दिसणार काय?" सोलर पंप, कमान, बाकडी, सगळं सुचवून झालं. मी म्हटलं, आपल्या गोडाऊनला वॉचमन आहे, तो अहवालाच्या फोटोत कधी दिसतो? दोघं हसले. साहेब हसले नाहीत, पण 'हो' म्हणाले. वर्षाची रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने त्या घटकेला वेगळी सीएसआर समिती लागत नव्हती, संचालक मंडळाचा ठराव पुरला. नाहीतर अजून एक बैठक, अजून एकदा कमान.

मग तारखांचा पेच. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि टँकर लागतो मेमध्ये. संस्थेला सगळे पैसे मार्चमध्येच दिले असते तरी तो खर्च धरला जात नाही; तिने ते प्रत्यक्ष कामाला लावावे लागतात. न खर्चलेली रक्कम एरवी सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या निधीत जाते. यातून सुटायचं तर काम 'चालू प्रकल्प' म्हणून ठरावात घ्यायचं आणि उरलेले पैसे ३० एप्रिलच्या आत बँकेत वेगळ्या खात्यात टाकायचे; त्या खात्यात पैसे असले की मात्र समितीही नेमावी लागते. 'चालू प्रकल्प' हे शब्द ठरावात घालायला मी आधी विसरले होते. ठराव पुन्हा टाइप झाला, सह्या पुन्हा झाल्या, साहेबांचा चहा थंड झाला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला. पहाटेचा उजेड, भरलेला पाणवठा, काठावर मान खाली घातलेली चिंकाऱ्याची मादी. मी तो साहेबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "छान. पण यात आपला बोर्ड कुठाय?"