उत्तर १९७०, गुण शून्य

२०२५ मध्ये विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, ५ सप्टेंबरला, आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा होती. माझ्या भाचीची मुलगी मनू, वय १३, शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. बक्षीस काय, तर झाकणाला कडी असलेला स्टीलचा डबा. प्रश्न आला, "महिला फुटबॉलचा पहिला विश्वचषक कधी आणि कुठे झाला?" मनूने ठणकावून सांगितलं, "१९७०, इटली." प्रश्न विचारणाऱ्या काकांनी हातातला कागद पाहिला, चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिला. "चूक. १९९१, चीन." डबा बी विंगमधल्या पोराला गेला.

घरी येऊन पोट्टी जेवेना. "आजी, मी बरोबर सांगून राहिली होती ना!"

"बाप्पा, एका डब्यासाठी एवढं?"

"डब्याचं नाही. त्यांनी मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं."

माझी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. तेहतीस वर्षं. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, उंदरांनी कुरतडलेल्या नस्त्या, आवक-जावकची रजिस्टरं, आणि वर्षभर न जाणारी सर्दी. खरं काय, खोटं काय, हे माझ्याकडे एकाच गोष्टीवरून ठरायचं, नोंद आहे का? त्यामुळे आधी मला काकांचंच म्हणणं पटलं होतं. पण मनूने मोबाइलवर एक काळा-पांढरा फोटो दाखवला. वरपर्यंत खच्चून भरलेलं स्टेडियम आणि मैदानावर हाफपँटमधल्या मुली. "हे १९७१ चं आहे, मेक्सिकोतलं," ती म्हणाली. मग मी चष्मा लावून बसले. रिटायर्ड माणसाला दुसरं काम काय असतं!

तर पोरगी खोटं बोलत नव्हती. जुलै १९७० मध्ये इटलीत सात देशांच्या महिला संघांची विश्वचषक म्हणूनच स्पर्धा झाली. खर्च उचलला मार्टिनी अँड रॉसी या दारूच्या कंपनीने. ट्यूरिनच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमान इटलीला २-० ने हरवलं. डेन्मार्क म्हणून उतरलेला संघ खरं तर बोल्डक्लुबेन फेमिना हा एक क्लबच होता. फेमिना हे तिकडच्या बायकांच्या एका नियतकालिकाचं नाव, तेच क्लबला दिलेलं. हे मी भाचीला सांगत होते तर तिला वाटलं मी सौंदर्यस्पर्धेबद्दल बोलतेय.

दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९७१ मध्ये, तीच मंडळी मेक्सिकोला गेली. संघ सहा : मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, फ्रान्स, इटली, डेन्मार्क. मैदानं दोन, ग्वादालाहाराचं हालिस्को आणि मेक्सिको सिटीचं आझ्तेका. हे तेच आझ्तेका जिथे वर्षभरापूर्वी पेलेच्या ब्राझीलने चषक उचलला होता. गोलपोस्टना गुलाबी-पांढरे पट्टे मारले होते. बायकांचं म्हटलं की गुलाबी, हे तेव्हाही सुटलं नव्हतं! पण लोक आले, आणि भरभरून आले. अंतिम सामन्याला सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक होते असं सांगतात. आपलं नागपूरचं जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम दोनदा भरून वर वीस हजार माणसं बाहेर उभी राहतील, एवढे.

त्या सामन्याच्या आधी मेक्सिकोच्या मुली अडून बसल्या होत्या. आमच्या नावावर तिकिटं खपताहेत, मग आम्हाला पैसे का नाहीत, हा त्यांचा सवाल. शेवटी खेळल्या, पण डेन्मार्कने त्यांना ३-० ने हरवलं. तिन्ही गोल सुझान ऑगुस्टेसन नावाच्या मुलीचे. वय वर्षं पंधरा. तारीख वाचली आणि मी मनूला हाक मारली. ५ सप्टेंबर. डबा गेला त्याच तारखेला, चोपन्न वर्षांपूर्वी.

इंग्लंडच्या संघाची हकीकत मला सगळ्यात जास्त लागली. संघ बांधणारे हॅरी बॅट हे ल्यूटन गावचे बस ड्रायव्हर. संघात लिया केलेब नावाची एक मुलगी होती, तेरा वर्षांची. "माझ्याएवढी?" मनूने तीनदा विचारलं. या पोरी अर्जेंटिनाकडून ४-१ ने हरल्या. ते चारही गोल एल्बा सेल्वाने केले होते. तारीख २१ ऑगस्ट. अर्जेंटिनात आता तो दिवस महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात. मेक्सिकोत या मुलींना सह्या मागायला गर्दी व्हायची. घरी परतल्यावर काय मिळालं? खेळाडूंवर काही महिन्यांची बंदी आणि बॅट कायमचे बाहेर. गुन्हा एकच, विनापरवानगी गेले.

विनापरवानगी हा शब्द मी आयुष्यात किती नस्त्यांवर वाचला असेल, मोजदाद नाही. इटली-मेक्सिकोच्या स्पर्धा एका स्वतंत्र युरोपीय महिला महासंघाने भरवल्या होत्या, फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, नव्हे. म्हणून त्या अनधिकृत. आणि फिफा तेव्हा भरवत होती का? तर नाही. देशोदेशीच्या फुटबॉल संघटना मुलींना मैदानच देत नव्हत्या. इंग्लंडात २६ डिसेंबर १९२० ला डिक, कर या कारखान्यातल्या मुलींचा सामना बघायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना बिलकूल योग्य नाही म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती जवळपास पन्नास वर्षं बंदच राहिली. जर्मनीत १९५५ ते १९७० हेच. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून सरकारी फर्मानच होतं, ते १९७९ ला उठलं. आधी परवानगी द्यायची नाही, आणि मग परवानगी नव्हती म्हणून मोजायचं नाही. ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे.

ओळखीची म्हणजे कशी, तेही सांगते. नव्वदच्या दशकात काटोलकडची एक म्हातारी माझ्या टेबलाशी आली होती. शेतीचा जुना फेरफार हवा होता. मी दोन दिवस बस्ते उपसले. नाही सापडला. मग नेहमीचं वाक्य लिहिलं, "नोंद आढळून येत नाही", आणि शिक्का मारला. ती कागदाकडे बघत म्हणाली, "तीस वर्सं त्याच वावरात राबून राहिली ना वं मी, बाई." मी म्हटलं, आजी, ते खरं आहे, पण कागद पाहिजे. तिने पदर सावरला आणि ती गेली. तिचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

मनूचं एक उत्तर शोधता शोधता मला माझाच एक प्रश्न सापडला. आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलचा वेगळा महासंघ निघाला आणि जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली. भारताने एक सोडून दोन संघ उतरवले. त्यातला एक अंतिम फेरीत गेला आणि चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, २-० ने हरला. आशियात दुसरे! १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम फेरी, या वेळी थायलंडकडून ३-० ने हार. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिकला मिळाला.

जानेवारी १९८० मध्ये मी दहावीत होते. नागपूरची थंडी, अंगावर शाल, मांडीवर गाईड. घरी पेपर यायचा. बाबा क्रीडापान आधी वाचायचे, मला ते दुपारी मिळायचं. कालिकतबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. बाबा कामठीचे, म्हणजे फुटबॉल रक्तातच. रब्बानी क्लबची मॅच असली की मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. मी आठ-नऊ वर्षांची झाले आणि दांड्यावरची जागा भावाला मिळाली. कोणी नाही म्हटलं नाही. फक्त एका रविवारी हाकच आली नाही.

शाळेत मुलांना चेंडू आणि मुलींना लेझीम. नववीत एकदा मधल्या सुट्टीत मुलांचा चेंडू घरंगळत माझ्यापाशी आला. कातडी, आतल्या ब्लॅडरपायी एका बाजूने फुगलेला, पावसात भिजून विटेसारखा जड झालेला. मी लाथ मारली. चेंडू भिंतीपलीकडे गेला आणि पाठोपाठ माझी चप्पलही. चेंडू आणायला शिपायाला पाठवलं. चप्पल आणायला कोणी गेलं नाही. अख्खा तास मी स्टाफरूमबाहेर एका पायात चप्पल घालून उभी होते. अंगठ्याला झालेला ठणका मला अजून आठवतो. आणि खरं सांगायचं तर तो छान वाटला होता.

मला काय, मी काही खेळाडू झाले असते असं नाही. पण माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या मुली भारताची जर्सी घालून आशियाई फायनल खेळताहेत, एवढं कळलं असतं तर ती चप्पल मी मान वर करून आणली असती.

पुढचा रस्ता तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगते. १९८४ ला युरोपच्या फुटबॉल संघटनेची पहिली महिला स्पर्धा झाली. सामने ९० नाही, ७० मिनिटांचे. अंतिम फेरीचे सामने दोन. स्वीडन आणि इंग्लंडने आपापल्या घरचा सामना १-० ने जिंकला, आणि पेनल्टीवर पिया सुंडहागेने स्वीडनला चषक दिला. हा दुसरा सामना ल्यूटनला, बस ड्रायव्हर बॅट यांच्या गावात, चिखलात झाला. १९८६ ला फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले उभ्या राहिल्या आणि बायकांचा विश्वचषक कुठे आहे, असं त्यांनी सरळ विचारलं. १९८८ ला चीनमध्ये ग्वांगडोंगला बारा संघांची चाचणी स्पर्धा झाली, ती नॉर्वेने जिंकली. आणि मग काकांचं १९९१. त्यातही गंमत अशी की नावात विश्वचषक हा शब्दच नव्हता. जागतिक अजिंक्यपद, आणि चषक एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्यांच्या नावाचा. सामने ८० मिनिटांचे. शेवटची दहा मिनिटं बायकांना झेपणार नाहीत, असं कुणाला तरी वाटलं असावं. ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. नाव नंतर लावून घेतलं. म्हणजे १९७० ला नाव होतं, मान्यता नव्हती. १९९१ ला मान्यता होती, तर नाव नव्हतं. डबा कुणाला द्यायचा, तुम्हीच सांगा.

मी दोन पानी टिप्पणी तयार केली. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, अभिप्राय, सगळं रीतसर, डावीकडे समास सोडून. ती घेऊन रविवारी काकांकडे गेले. काका माणूस वाईट नाही. त्यांनी चहा दिला, दोन्ही पानं शांतपणे वाचली, आझ्तेकाच्या आकड्याला "अरे वा" म्हणाले. मग कागद परत करत म्हणाले, "ताई, झालं असेल सगळं. पण फिफाचा एखादा कागद असेल तर दाखवा."

मला हसू आलं. त्यांना वाटलं मी चिडले, म्हणून त्यांनी अजून एक खारी पुढे केली.

परत आले तर मनू दारात वर्तमानपत्र पसरून बसली होती. रेशीमबागेच्या मैदानावरून आली की तिच्या बुटांच्या स्टडमध्ये काळी माती अशी बसते की पाण्याने निघत नाही. चमच्याच्या दांड्याने एकेक स्टड कोरावा लागतो. त्या वर्षी जुलैत आपल्या मुलींनी त्याच थायलंडला चियांग मायला २-१ ने हरवून आशियाई चषकात जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेव्हापासून ही रोज सकाळी जाते. २०२६ च्या त्या स्पर्धेत, ऑस्ट्रेलियात, आपल्या गटात चायनीज तैपेई पण असणार, हे तिनेच मला सांगितलं.

"काय म्हणले काका?" तिने मान वर न करता विचारलं.

"कागद मागून राहिले."

"कोणाचा?"

"फिफाचा."

तिने उजवा बूट खाली ठेवला, डावा घेतला आणि म्हणाली, "आजी, हा चमचा वाकला. दुसरा दे ना."