टुंड्रा, टायटन आणि अमेरिकन पिकअपचा न पडलेला किल्ला

जपानी कंपन्यांनी अमेरिकेत काय काय जिंकलं ते एकदा आठवून बघा. आधी छोट्या गाड्या, मग कॅमरी-अकॉर्ड घेऊन फॅमिली सेडान, मग लेक्ससने जर्मन लक्झरीवाल्यांना घाम फोडला, आणि आरएव्ही४, सीआर-व्ही तर आता प्रत्येक सबअर्बच्या ड्राइव्हवेत दिसतात. एकच जागा राहिली, फुल-साइज पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला मोठा ट्रक. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे आणि २०२४ मध्येसुद्धा ती सात लाखांच्या वर खपली, त्याच्या मागे शेवी सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा आणि रॅम. टोयोटा टुंड्राचं आजवरचं सगळ्यात चांगलं वर्ष २००७, तेव्हाही आकडा दोन लाखांच्या जरा अलीकडेच थांबला. निसान टायटन तर २०२४ नंतर बंदच झाला.

मी टेक्सासमध्ये राहतो, इथे पिकअप म्हणजे रोजचं दर्शन, आणि या विषयात मला मनापासून रस आहे. आपल्या मंडळींत कुणाला विचारलं की जपान्यांना हे का जमलं नाही, तर जरा वाचन असलेला माणूस लगेच म्हणतो, चिकन टॅक्स. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी चिकन टॅक्स उरकून घेऊ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून स्वस्त कोंबडी युरोपात जायला लागली, तिथले शेतकरी ओरडले, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जबर आयात कर लावला. बोलणी फिसकटली तेव्हा प्रेसिडेंट जॉन्सननी डिसेंबर १९६३ मध्ये उलटा कर लावला, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर. ट्रकवरचा २५ टक्के खरा रोख फोक्सवागनच्या व्हॅन आणि पिकअपवर होता. बाकीच्या मालावरचे कर नंतर गेले, ट्रकवरचा मात्र राहिला, कारण तोपर्यंत डेट्रॉइटला त्याची सवय झाली होती आणि तो काढायची कुणाला घाई नव्हती.

त्यातून कंपन्यांनी ज्या पळवाटा काढल्या त्या वाचायला मजा येते. मागचा हौदा नसलेला ट्रक म्हणजे नुसती कॅब (पुढची केबिन) आणि चॅसी आणली तर कर फक्त ४ टक्के, म्हणून जपानहून अर्धा ट्रक यायचा आणि हौदा अमेरिकेत बसवायचे. टोयोटाचा कॅलिफोर्नियात लाँग बीचला जो कारखाना होता तो १९७२ पासून हेच करायचा, ट्रकचे हौदे बनवायचा. १९८० मध्ये ती वाट बंद केली. सुबारूने तर ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि ही माल वाहायची नाही, माणसं बसायची गाडी आहे असं कस्टम्सला सांगितलं.

पण कर आयातीवर आहे. कारखाना इथेच टाकला की प्रश्न मिटला. निसानने १९८३ मध्येच टेनेसीतल्या स्मर्नाला पिकअप बनवायला सुरुवात केली, अर्थात छोटा पिकअप. पहिला टुंड्रा इंडियानातल्या प्रिन्स्टनला बनायचा, टायटन मिसिसिपीतल्या कँटनला, आणि २००६ पासून टुंड्रा आमच्या टेक्सासात, सॅन अँटोनियोला. म्हणजे निदान पंचवीस वर्षं या ट्रकांना तो २५ टक्के लागलेलाच नाही. तरी किल्ला पडला नाही. मग कारण दुसरंच कुठेतरी असणार ना?

टोयोटाचा पहिला प्रयत्न टी१००, १९९३ मॉडेल इयरचा. तो जपानहूनच यायचा, त्यामुळे कर भरून. आठ फुटी हौदा होता, चाकांच्या कमानींच्या मध्ये चार बाय आठचा प्लायवुड सपाट बसायचा, जे पिकअपवाल्यासाठी अगदी पहिलं माप असतं. पण व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, नाही. सुरुवातीला सीटच्या मागे जागा असलेली मोठी कॅबसुद्धा नाही. शेवटपर्यंत व्ही८ दिलंच नाही, आणि अमेरिकेत व्ही८ शिवाय मोठा ट्रक विकायचा म्हणजे काय ते मी सांगायला नको. मग १९९९ मध्ये टुंड्रा आला, नाव आधी टी१५० ठरलं होतं पण फोर्डने एफ-१५० शी सारखेपणावरून हरकत घेतली म्हणून बदललं. ४.७ लिटरचा व्ही८ इतका गुळगुळीत की लोक अजून आठवण काढतात. पण आकाराने तो डेट्रॉइटच्या ट्रकांपेक्षा थोडा लहानच होता आणि मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे अडकायचे.

निसानने २००३ च्या शेवटी टायटन आणला तेव्हा तो धीट होता. ५.६ लिटर व्ही८, ३०५ हॉर्सपॉवर, हौद्यात कारखान्यातूनच फवारलेलं लायनर, सामान बांधायला रूळ. पण कॅब दोनच प्रकारच्या आणि इंजिन एकच. साधी दोन दारी रेग्युलर कॅब नाही. माझ्या मते निसानची गोष्ट इथेच संपली होती, पुढची वीस वर्षं नुसती लांबत गेली.

का ते माझ्या शेजाऱ्याच्या ट्रककडे बघून कळतं. तो कुंपणं बांधायचं कॉन्ट्रॅक्ट घेतो, त्याच्याकडे पांढरी एफ-२५० आहे, दोन दारी, मागे हौदा नाहीच, त्या जागी दोन्ही बाजूंना कुलपं लावायच्या कप्प्यांची स्टीलची सर्व्हिस बॉडी, जी फोर्ड नाही, दुसरीच कंपनी बनवते. आत कार्पेट नाही, रबरासारखं व्हायनल, दिवसअखेरी चिखल ओल्या फडक्याने पुसून टाकतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आरशाच्या वर छतात बटणांची एक ओळ, कंपनीनेच दिलेली पण कशालाच न जोडलेली. ज्याला वर फिरता पिवळा दिवा लावायचाय, ज्याला एअर कॉम्प्रेसर चालवायचाय, त्याने डॅशबोर्ड न फोडता वायर तिथे आणून जोडायची. हा माणूस पुढे काय करणार हे फोर्डला माहीत नाही, पण काहीतरी करणार हे नक्की माहीत आहे. मी विचारलं टुंड्रा का नाही घेतला, तर तो म्हणाला, त्यांच्याकडे माझा ट्रकच नाहीये. मोडणार नाही हे त्याला मान्य आहे, त्याच्या बायकोकडे टोयोटाच आहे. पण त्याला हवा तो ट्रक टोयोटा बनवतच नाही.

तर अडचण इथे आहे. बाहेरून बघणाऱ्याला एफ-१५० किंवा सिल्व्हराडो हे एक मॉडेल वाटतं, प्रत्यक्षात ते शेकडो ट्रक असतात. तीन कॅब, दोन-तीन लांबीचे हौदे, चार-पाच इंजिनं, मागच्या ॲक्सलचे वेगवेगळे रेशो, आणि त्याच्या वर हेवी ड्यूटी, म्हणजे २५०, ३५०, २५००, ३५००, डिझेल, मागे चार चाकं, हौद्यातच जोडून ओढायचा 'फिफ्थ व्हील' ट्रेलर. शेतकरी, वीज कंपन्या, काउंटीची ऑफिसं, कॉन्ट्रॅक्टर हे सगळे तिथे विकत घेतात आणि दर काही वर्षांनी परत तेच घेतात, कारण शिड्यांचे रॅक तेच बसतात आणि मेकॅनिकला तेच इंजिन माहीत असतं. शिवाय कामावर आठ तास ज्या ट्रकात बसतो तोच ट्रक माणूस घरच्यासाठीही घेतो, आणि कंपनीला खरा पैसा त्या घरच्या, चामड्याच्या सीटवाल्या ट्रकातच मिळतो. टोयोटाने कामाचा ट्रक सोडून थेट तिथूनच शिरायचा प्रयत्न केला. हेवी ड्यूटी टोयोटाने आजवर काढलेला नाही.

कुणी म्हणेल ही ब्रँडची भक्ती आहे, बापाने फोर्ड घेतली म्हणून मुलगा घेतो. ते आहेच, नाही म्हणत नाही. पण भक्ती मोडता येते आणि ती मोडलेली आहे. ऐंशीच्या दशकात डॉज पिकअपची अवस्था फार वाईट होती, म्हातारं डिझाइन, तिसऱ्या नंबरावरही कसाबसा. १९८९ मध्ये त्यांनी हेवी ड्यूटीत कमिन्सचं सहा सिलिंडर डिझेल बसवलं, ट्रेलर ओढणाऱ्यांनी ते उचलून धरलं, मग १९९४ मध्ये मोठ्या ट्रेलर-ट्रकसारखं नाक असलेला नवा रॅम आला आणि लोक फोर्ड-शेवी सोडून आले. म्हणजे दार होतं, आणि ते कामाच्या बाजूने होतं. बरं, तोच रॅम पुढे जर्मन डेमलरच्या हातात गेला, मग फियाटच्या, आज तो स्टेलँटिसचा आहे जिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये आहे आणि हेवी ड्यूटी रॅम बनतो मेक्सिकोत सॉल्टिलोला. तरी लोकांच्या लेखी तो अमेरिकन आणि सॅन अँटोनियोत बनलेला टुंड्रा परदेशी. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कामातून कमावलेली ओळख मालक बदलला तरी पुसली जात नाही हेही त्यातून दिसतं.

निसानला हे अर्धं कळलं होतं. २०१६ च्या टायटन एक्सडीत त्यांनी कमिन्सचाच ५ लिटर व्ही८ डिझेल घातला. पण ट्रक मधल्याच कुठल्यातरी वर्गात ठेवला, हाफ-टनपेक्षा, म्हणजे एफ-१५० च्या वर्गापेक्षा, जड आणि खऱ्या हेवी ड्यूटीपेक्षा हलका. ज्याला जड ओढायचंय तो सरळ एफ-२५० घेणार, ज्याला नाही तो एवढं वजन आणि डिझेलचा खर्च कशाला करेल? २०१९ ला डिझेल बंद, मग उशिरा दिलेली दोन दारी कॅबही बंद, मग सगळंच.

टोयोटाबद्दल मला जास्त वाईट वाटतं कारण २००७ चा टुंड्रा खरंच जोरदार ट्रक होता. ५.७ लिटर व्ही८, ३८१ हॉर्सपॉवर, तीन कॅब, सॅन अँटोनियोचा कारखाना नवा कोरा, ज्या रँचच्या जमिनीवर तो उभा आहे तिची स्थापना १७९४ ची, म्हणून पुढे एका महागड्या टुंड्राचं नावच १७९४ एडिशन ठेवलं. आणि वेळ कशी बघा, दुसऱ्याच वर्षी पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, घरबांधणी कोसळली, पिकअप घेणारा कॉन्ट्रॅक्टरच घरी बसला. टोयोटाने ऑगस्ट २००८ पासून तीन महिने सॅन अँटोनियोची लाइन बंद ठेवली पण कामगारांना काढलं नाही, पगार चालू ठेवून ट्रेनिंग दिलं. टेक्सासमध्ये ही गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली आहे.

अजून एक त्यांच्या बाजूची गोष्ट. किती वजन ओढता येतं याचा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवायची. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे२८०७ नावाची एकच चाचणी ठरवली, त्यात ठराविक चढ, ठराविक उष्णता. २०११ च्या टुंड्राला ती पहिल्यांदा टोयोटाने लावली आणि ब्रोशरमधला स्वतःचा आकडा स्वतः कमी करून घेतला. डेट्रॉइटवाले काही वर्षं थांबले. तोवर शोरूममध्ये शेजारीशेजारी आकडे बघणाऱ्याला टुंड्रा कमी ताकदीचा वाटायचा. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एंडेव्हर स्पेस शटल फ्रीवेवरच्या पुलावरून टुंड्राने ओढून नेलं, सगळ्यांनी व्हिडिओ बघितला, वाहवा केली, आणि ट्रक घेताना परत एफ-१५० च घेतली.

यापुढे मात्र दोष टोयोटाचाच. तो ट्रक थोड्याफार डागडुजीवर २०२१ पर्यंत चालवला. तेवढ्या काळात फोर्डने टर्बो व्ही६ आणला, २०१५ ला पूर्ण बॉडी ॲल्युमिनियमची केली, २०२१ च्या हायब्रिडमध्ये हौद्यात ७.२ किलोवॅटचा प्लग दिला आणि त्याच फेब्रुवारीत टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी त्या ट्रकवर घरातले हीटर चालवले. यातल्या बऱ्याच गोष्टी कामावरच्या माणसाच्याही उपयोगाच्या आहेत. नवा टुंड्रा २०२२ चा, ट्विन टर्बो व्ही६, हायब्रिडही आहे, चालवायला छानच आहे, पण टोयोटाची जी एकमेव न हलणारी पुंजी होती, भरवसा, तिलाच धक्का लागला. इंजिनमध्ये मशिनिंगचा कचरा राहिल्यामुळे २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आता फोक्सवागन येतेय, स्काउट हे इंटरनॅशनल हार्वेस्टरचं जुनं अमेरिकन नाव घेऊन, साउथ कॅरोलिनात कारखाना टाकून. त्यांचा टेरा पिकअप चार दारी, साडेपाच फुटी हौदा, इलेक्ट्रिक किंवा बरोबर पेट्रोलचा जनरेटर. दिसायला देखणा आहे, कामाच्या खडीच्या रस्त्यांपेक्षा वीकेंडच्या ऑफ-रोडिंगची स्वप्नं जास्त दाखवतो, आणि मला भीती वाटते की हेही टायटनसारखेच कामाचं दार सोडून समोरच्या हॉलमधून शिरायला बघतायत. आठ फुटी हौद्याचा, दोन दारी, कार्पेट नसलेला पांढरा ट्रक त्यांच्या यादीत नाही. टोयोटाच्या यादीत तर हेवी ड्यूटीच नाही, आणि जोवर सॅन अँटोनियोच्या लाइनवरून टुंड्राचा २५०० निघत नाही तोवर माझा शेजारी पुढचा ट्रकही फोर्डचाच घेणार.