वहीत उतरलेली ध्येये

आज शाळा सुटल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्या नववी-दहावीच्या बेसबॉल संघाला घेऊन बसलो आणि वर्षभराची ध्येये वहीत उतरवली. मुलांचे पहिले वाक्य अपेक्षितच होते: जिल्हास्तरीय स्पर्धा जिंकायची. मी ते खोडले नाही, मात्र त्यासाठी उद्याच्या सरावात नेमके काय करणार, एवढेच विचारले.

तेव्हा बोलणे खऱ्या मुद्द्यावर आले. क्रिकेटवर वाढलेली ही मुले ग्लोव्ह विसरून उघड्या हाताने झेल घ्यायला जातात, चेंडू यष्टिरक्षकाच्या मागे वळवू पाहतात, जो बेसबॉलमध्ये फाऊल, म्हणजे हद्दीबाहेरचा फटका, ठरतो, आणि फटका मारल्यावर बॅट हातात धरूनच पळतात. म्हणून ठरले की गणपतीच्या सुट्टीपर्यंत प्रत्येकाने ६० फुटांवरून टाकलेल्या दहापैकी सात चेंडू सोबत्याच्या छातीच्या उंचीवर पोहोचावेत, आणि ९० फुटांवरच्या पहिल्या बेसपर्यंतची (फटका मारल्यावर धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यापर्यंतची) प्रत्येकाची धाव मी दर सोमवारी घड्याळ लावून नोंदवावी.

एरवी अबोल असणाऱ्या एका मुलाने स्वतःहून लिहिले, "चूक झाली तर कुणी कुणावर ओरडायचे नाही." मला हे ध्येय सर्वांत मोलाचे वाटले, वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिले आहे.