फुकटची खोली वहीत कितीला लिहायची?

गेल्या वर्षी दिवाळी उरकली आणि ३ नोव्हेंबरला आम्ही दोघं नाशिकहून गाडी काढून निघालो ते मार्च संपता संपता घरी आलो. कोल्हापूर, गोवा, कारवार, केरळ, कन्याकुमारी, मग वर चढत तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि रायपूर-नागपूर करत परत. ११,२०० किलोमीटर, १४८ दिवस. भेटेल तो विचारतो काय काय बघितलं, आणि तिसऱ्या मिनिटाला आवाज खाली करून विचारतो, पण खर्च किती आला? तर तेच लिहिते, बघितलेलं सगळं यूट्यूबवर आहेच.

एकतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला हिशेब लिहिल्याशिवाय झोप येत नाही. ह्यांनी निघायच्या आधी हौसेने खर्चाचं अॅप टाकलं होतं, ते नऊ दिवस चाललं, कारण प्रत्येक चहाला ते विचारायचं हा चहा "डायनिंग" की "एंटरटेनमेंट". मग मी आपली लाल पाठीची लांब वही काढली. रोज रात्री खोलीवर गेलं की आधी रोजमेळ, मग औषधं, मग झोप. महिना संपला की लॅपटॉपवर एक्सेलमधे खाती पाडायची, राहणं, पेट्रोल, खाणं, टोल-पार्किंग आणि किरकोळ, बस्स पाचच.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली ती पावत्यांची. पेट्रोलच्या, टोलच्या, हॉटेलच्या सगळ्या पावत्या मी डॅशबोर्डच्या खणात एका क्लिपला लावून ठेवत होते, म्हटलं महिनाअखेरीला एकदम बसू. उडुपीला काढल्या तर निम्म्या कोऱ्या! तो मशीनचा गुळगुळीत कागद असतो ना, तो उन्हात तापला की अक्षरं उडून जातात, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी. एक पावती खिडकीशी तिरकी धरून, चष्मा वर करून, चष्मा खाली करून बघितली, फक्त "धन्यवाद, पुन्हा या" एवढंच दिसत होतं. तेव्हापासून पावती हातात पडली की पहिल्यांदा पेनाने मागे आकडा आणि गावाचं नाव, मग ती खणात. यूपीआयमुळे बरंचसं मोबाईलमधून परत मिळालं पण रोखीचं गेलं ते गेलंच. ते मी सस्पेन्समधे टाकलं, बँकवाल्यांना कळेल, ज्याचा ताळा लागत नाही ते तात्पुरतं जिथे टाकतात ते खातं, तात्पुरतं म्हणजे कायमचं.

पेट्रोलचं म्हणाल तर गाडीने सोळाच्या आसपास अॅव्हरेज दिलं, एकूण ७०० लिटर, ७१ हजार रुपये. राज्य बदललं की भाव बदलतो, आंध्रात डोळे पांढरे होतात. केरळात कन्नूरहून कोळिकोडकडे जाताना मधे माहे लागतं, ते केरळात असून केरळचं नाही, पुदुच्चेरीचा तुकडा आहे, जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचा. तिथे पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांहून जास्त स्वस्त, त्यामुळे पंपावर ही रांग. हे म्हणाले, थांबायचंच. थांबलो. चोवीस लिटर भरलं, अडीचशे रुपये वाचले, आणि वीस मिनिटं रांगेत एसी चालू ठेवला होता ते मी बोलले नाही, वहीत मात्र लिहून ठेवलंय.

टोलला आम्ही फास्टॅगचा वार्षिक पास काढला होता, तेव्हा तीन हजार रुपयांचा होता, खाजगी गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, वर्षभर किंवा २०० टोल ह्यातलं जे आधी संपेल ते. माझ्या मते ह्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच. एक गोष्ट लक्षात ठेवा, तो फक्त राष्ट्रीय महामार्गांना आणि केंद्राच्या एक्सप्रेसवेंना चालतो. परत येताना समृद्धीवर आलो तिथे पासचा काही उपयोग नाही, नागपूरहून सिन्नरपर्यंत हजाराच्या वर टोल फास्टॅगमधून वेगळा कापला गेला आणि ह्यांना वाटलं मशीनने चोरी केली.

ते तीन हजार मी सरळ नोव्हेंबरात टाकले होते. मग मलाच पटेना, पास वर्षाचा आणि भार एका महिन्यावर? म्हणून एका टोलचे पंधरा रुपये धरले आणि ज्या महिन्यात जितके टोल ओलांडले तितके त्या महिन्याला लावले. नोव्हेंबरात ३१ टोल, म्हणजे ४६५ रुपये. नोव्हेंबरचं पूर्ण सांगायचं तर राहणं ३८,४००, पेट्रोल १६,२००, खाणं १७,६००, टोल आणि पार्किंग मिळून १,२०५ आणि किरकोळ ५,८६०. एकूण ७९,२६५, दिवसाला २,८३० च्या आसपास. राहण्यात अठरा रात्री लॉजच्या, चार बँकेच्या हॉलिडे होममधल्या साडेतीनशे रुपयांनी, आणि सहा रात्री गोव्यात माझ्या आतेबहिणीकडे. हे म्हणाले त्या सहा फुकट. मी म्हटलं, अहो, तिला १,८०० ची साडी नेली ती कुठे लिहू? राहण्यातच लिहिली.

आणि इथूनच आमच्या भांडणाला सुरुवात झाली, कारण डिसेंबरात पॉइंट आले.

ह्यांची नोकरी फिरतीची होती. सप्टेंबरात रिटायर झाले तेव्हा मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेच्या खात्यात (तिथे राहिलं की पॉइंट जमतात, त्या पॉइंटवर पुढे खोली मिळते) ६१,००० पॉइंट शिल्लक होते, सगळे कंपनीच्या पैशाने गोळा झालेले. पॉइंट वापरून सलग पाच रात्री घेतल्या तर त्यात चारच रात्रींचे पॉइंट जातात, म्हणून ह्यांनी मदुराईत त्या गटाच्या हॉटेलात पाच रात्री काढल्या. ८,००० पॉइंटची रात्र, चाराचे ३२,००० गेले. तीच खोली पैसे देऊन घेतली असती तर ६,२०० आणि वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ६,५१०. (सप्टेंबर २०२५ च्या आधी साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर बारा टक्के लागायचा, आता पाच झालाय, हे लॉजवाल्यांना सांगावं लागतं कधीकधी.)

रात्री वही काढली. हे पलंगावर पसरून म्हणाले, "राहणं शून्य लिही. ३२,५५० रुपये वाचवले मी, पॉइंटला एक रुपया पडला."

मी म्हटलं, "आपण मदुराईत साडेसहा हजारांच्या खोलीत राहिलो असतो का?"

"नसतो."

"मग कितीच्या राहिलो असतो?"

"एसी घेतली असती... बावीसशे."

मग वाचले ते बावीसशे गुणिले पाच, अकरा हजार. ३२,००० पॉइंटला अकरा हजार म्हणजे पॉइंट चौतीस पैशांचा. जे आपण घेतलंच नसतं त्याची किंमत वाचली असं म्हणायचं तर मी रोज सोन्याच्या दुकानासमोरून चालत जाऊन लाखो वाचवते. आणि शून्य तर मी अजिबात लिहिणार नव्हते, कारण डिसेंबर खोटाच स्वस्त दिसला असता आणि त्या भरवशावर जानेवारीत आम्ही उधळलं असतं. म्हणून राहण्याला अकरा हजार नावे टाकले, म्हणजे खर्च धरले, आणि "पॉइंट" म्हणून वेगळं खातं उघडून तिकडे जमा दाखवले. हे म्हणाले फुकटच्या पॉइंटला कसलं खातं. मी म्हटलं फुकट कसले, एवढ्या रात्री तुम्ही बाहेर होतात आणि गॅस सिलिंडर मी एकटी बदलत होते. त्यावर गप्प.

शिवाय अशा हॉटेलात खोली फुकट असली तरी बाकी काही फुकट नसतं. दोन शर्ट आणि एक सलवार धुवायला दिली, इस्त्रीसकट बिल ७४०. पुढचे चार दिवस बाथरूममधे दोरी.

मग ३१ डिसेंबरचं नाटक. ह्यांच्या खात्यात त्या वर्षाच्या चोवीस रात्री झालेल्या, कंपनीच्या सतरा, कोचीच्या दोन आणि मदुराईच्या पाच, कारण पॉइंटवरची रात्रही मोजली जाते. पंचवीस झाल्या की गोल्ड, म्हणजे सिल्व्हरच्या वरची सभासदाची पायरी. दोन दिवस हा माणूस मोबाईल घेऊन फिरत होता, त्रिचीला काय आहे, चेन्नईला काय आहे, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्रीचे भाव बघा तुम्ही, नऊ हजारांच्या खाली काही नाही. गोल्डला मिळतं काय, तर पंचवीस टक्के जास्तीचे पॉइंट, दुपारी दोनपर्यंत खोली आणि असलीच रिकामी तर बरी खोली. रिटायर झाल्यावर वर्षाला किती रात्री काढणार तिथे? मी नाही म्हटलं. ३१ ला तंजावरच्या १,६०० च्या लॉजमधे झोपलो, तोंडं दोन दिशांना. सकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो, तिथल्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३ सालचा, देवनागरीत. हे बोट धरून एकेक अक्षर लावत दीड तास उभे होते. गोल्डचं नाव नंतर निघालं नाही.

फेब्रुवारीत विशाखापट्टणमला मात्र मी चुकले. ह्यांना ताप भरला, म्हटलं चांगल्या ठिकाणी जाऊ, आणि घाईत त्याच गटाचं हॉटेल एका बुकिंग अॅपवरून केलं, तीन रात्रींत ७०० रुपये स्वस्त दिसलं म्हणून. चेकआऊटला कळलं की बाहेरच्या अॅपवरून केलं की पॉइंटही नाहीत आणि रात्रीही मोजत नाहीत. ताप उतरलेले हे एकदम ताजेतवाने होऊन मला ऐकवायला लागले. मी गाडीत बसून हिशेब केला. ५,४०० ची खोली, तीन रात्री १६,२००, डॉलर नव्वदचा धरला तर १८० डॉलर, डॉलरला दहा पॉइंट म्हणजे १,८००, वर ह्यांच्या सिल्व्हर पायरीचे दहा टक्के, १,९८० पॉइंट बुडाले. माझ्या चौतीस पैशांच्या भावाने ६७३ रुपये. अॅपने वाचवले ७००. म्हणजे सत्तावीस रुपये फायद्यातच की! हे अजून मानत नाहीत.

पाच महिन्यांचा एकूण आकडा ३,७४,६००, मदुराईचे अकरा हजार धरून, दिवसाला २,५३१. नोव्हेंबरापेक्षा कमी, कारण नंतर आम्ही एका गावात आठवडा आठवडा राहायला लागलो आणि लॉजवाला आठवड्याचा भाव वेगळा देतो, विचारलं तर. सस्पेन्समधे १,१३० अजून पडून आहेत.

काल हे पुन्हा मोबाईल घेऊन बसले होते, उरलेल्या पॉइंटमधे उदयपूरला काय मिळतं ते बघत. दोन वर्षं खातं हललं नाही तर पॉइंट जातात म्हणे. मी काही बोलले नाही, फक्त पासवर ८२ टोल बाकी आहेत आणि तो ऑक्टोबरअखेर संपतो एवढं वहीत बघून सांगितलं.